समोरच्या बाजूला कोण होतं?

२२२ विरुद्ध ०.

हा क्रिकेटचा स्कोअर नाही. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमध्ये झालेल्या फुटबॉल सामन्याचा निकाल आहे. तारीख ७ ऑक्टोबर १९१६, गाव अटलांटा. जॉर्जिया टेक २२२, कंबरलँड कॉलेज शून्य. माझा भाचा सध्या त्याच शहरात शिकतो. गेल्या महिन्यात त्याने हा आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तुमच्या क्रिकेटमध्ये आहे का असं काही?" आता कोकणातल्या माणसाला असं डिवचल्यावर तो गप्प बसेल का? त्याला उत्तर द्यायला म्हणून आठवायला लागलो, आणि आठवता आठवता भलतीकडेच पोचलो. तेच इथे लिहितोय. फुटबॉलचं आणि क्रिकेटचं वावडं असणाऱ्या नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही. शेवटी गोष्ट माणसांचीच आहे.

आधी थोडं त्यांच्या फुटबॉलबद्दल. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध बेताचाच. लांबुळका बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की आणखी चार प्रयत्न मिळतात, त्याला म्हणतात फर्स्ट डाउन. आणि हे कॉलेजचे सामने म्हणजे आपल्याकडच्या गॅदरिंगच्या मॅचेस नव्हेत बरं का. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजार माणसं बसतात. आमचं अख्खं मुरुड, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, त्यात आठ वेळा बसेल.

इतक्या वर्षांत, इतक्या कॉलेजांत हा खेळ चालला म्हटल्यावर गमतीजमतींना तोटा नाही. १९८२ साली कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांच्या सामन्यात शेवटचे काही सेकंद उरले असताना स्टॅनफर्डचा बँड सामना संपला असं समजून वाजतगाजत मैदानात शिरला. इकडे कॅलिफोर्नियाची पोरं बॉल एकमेकांकडे टाकत त्या बँडवाल्यांमधूनच पळत गेली आणि सामना जिंकून बसली. शेवटच्या गड्याने विजयाचा बॉल टेकवला तो एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा करून! आपल्याकडे वरातीचा बँड बंद कधी पडणार याचीच वाट बघतात, तिकडे बँडमुळे सामना अमर झाला.

पण २२२–० ची गंमत वेगळी. त्या सामन्यात दोन्ही संघांना मिळून एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही. कंबरलँडला मिळाला नाही कारण त्यांना दहा यार्ड जाताच येईना. जॉर्जिया टेकला मिळाला नाही कारण चार प्रयत्न संपायच्या आतच ते दरवेळी थेट शेवटच्या रेषेपलीकडे. हाफटाइमला स्कोअर होता १२६–०. नंतरचा खेळ जरा आखूड केला, तरी आणखी शहाण्णव गुण झालेच.

वाचून मी हसलो. तुम्हीही हसला असाल. मग भाच्याला विचारलं, "अरे, पण हे कंबरलँडवाले होते तरी कोण?" त्याला माहीत नव्हतं. त्याने आणि मी आपापल्या बाजूने शोधलं, तेव्हा कळलं ते असं.

टेनेसी राज्यातलं हे छोटं कॉलेज. त्या वर्षी त्यांनी फुटबॉलचा संघच बंद केला होता. पण जॉर्जिया टेकशी सामन्याचा करार आधीच झालेला, आणि आला नाहीत तर तीन हजार डॉलर दंड. १९१६ सालचे तीन हजार डॉलर! कॉलेजच बुडायची वेळ. तेव्हा जॉर्ज ॲलन नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने दोस्तमंडळी गोळा केली, डझनभर पोरं जमवली, आगगाडीत बसवली आणि अटलांटाला नेली. ही पोरं खेळायला गेली नव्हती, दंड वाचवायला गेली होती. समोर जॉर्जिया टेकचा कोच जॉन हाइजमन. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला ज्याच्या नावाची ट्रॉफी देतात, तोच हा. त्याला जुना हिशेब चुकता करायचा होता. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने टेकला २२–० असं धुतलं होतं, आणि त्यांनी त्यासाठी भाडोत्री व्यावसायिक खेळाडू उतरवले होते असा त्याचा राग होता. म्हणून २२ ला उत्तर २२२.

एक दंतकथा अशी सांगतात की कंबरलँडच्या एका गड्याच्या हातून बॉल निसटला, तो ओरडला, "उचल, उचल!" आणि दुसरा म्हणाला, "तूच उचल, तुझ्या हातून पडलाय." खरी असो वा खोटी, मला त्या सामन्याचं सगळ्यात खरं वर्णन हेच वाटतं. समोरून दांडगे पैलवान धावून येतायत आणि आपण बिनातालमीचे, कॉलेजची अब्रू वाचवायला आलेले. कोण उचलेल बॉल?

मग हा आकडा माझ्यासाठी बदललाच. आधी तो जॉर्जिया टेकच्या पराक्रमाचा होता. आता तो आगगाडीतून आलेल्या त्या पोरांचाही झाला.

असो. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. आपल्याकडे असं काही आहे का? अहो, आपल्याकडे तर खाण आहे. आणि ही खाण मोठ्यांच्या क्रिकेटपेक्षा शाळांच्या क्रिकेटमध्ये जास्त खोल आहे. मुंबईच्या हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धांना शंभराहून जास्त वर्षं झाली. त्यातला हॅरिस म्हणजे एकेकाळचा मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस. आझाद मैदानावर एकाला एक लागून पिचेस, एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला उभा. अमेरिकेत कॉलेजच्या पोराला जे महत्त्व, ते आपल्याकडे पंधरा वर्षांच्या शाळकरी बॅट्समनला!

पहिला आकडा सगळ्यांना पाठ आहे. ६६४. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्डची सेमी फायनल, शारदाश्रम विरुद्ध फोर्टचं सेंट झेविअर्स. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. आचरेकर सरांचा निरोप येत होता की डाव सोडा, आणि ही दोघं मैदानाबाहेर बघायलाच तयार नव्हती, हेही सगळ्यांना पाठ आहे. ७४८ ला दोन बाद अशा स्थितीत अखेर डाव सोडला. पुढे कांबळीने ऑफस्पिन टाकून सहा विकेट्सही काढल्या.

पण त्या दिवशी बॉलिंग कोण करत होतं? त्यातला एक लेगस्पिनर होता साईराज बहुतुले. एकही विकेट नाही आणि पावणेदोनशेच्या वर धावा गेल्या. पंधरा वर्षांच्या पोराने दुसऱ्या दिवशी बॉल हातात धरला नसता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. हा मुलगा पुढे मुंबईचा कप्तान झाला आणि भारताकडून दोन कसोटी खेळला.

आणि पॅड बांधून कोण बसलं होतं? अमोल मुझुमदार. पुढचा नंबर त्याचा. दोन दिवस पॅड बांधून बसला आणि बॅटिंग आलीच नाही. त्याने पुढे रणजी पदार्पणात, १९९४ च्या फेब्रुवारीत हरियाणाविरुद्ध, २६० धावा काढल्या. पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम, चोवीस वर्षं टिकला. कारकिर्दीत अकरा हजारांहून जास्त धावा, आणि भारताची कॅप एकदाही नाही. पॅड बांधून बसणंच नशिबात, असं आम्ही सगळे म्हणायचो. मग २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नव्या मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला. त्या रात्री आमच्या आळीत फटाके वाजत होते आणि माझ्या डोक्यात मात्र आझाद मैदानाच्या कडेला पॅड बांधून बसलेला तो तेरा वर्षांचा मुलगा होता. ६६४ च्या स्कोअरबुकात त्याच्या नावापुढे काहीच नाही. डॉट बॉलसुद्धा नाही.

दुसरा आकडा १००९. जानेवारी २०१६, कल्याण, भंडारी कप. प्रणव धनावडे, वय पंधरा, वडील रिक्षा चालवणारे. सव्वातीनशे चेंडूंच्या आसपास नाबाद १००९. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. एका डावात हजार धावा करणारा जगातला पहिला माणूस. त्याआधीचा विक्रम १८९९ सालचा, तोही इंग्लंडमधल्या शाळकरी पोराचा, आर्थर कॉलिन्सच्या ६२८ धावांचा. म्हणजे एकशे सोळा वर्षांनी मोडला. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी.

आता विचारा, समोर कोण होतं? त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की समोरच्या शाळेने मोठ्या मुलांना अभ्यासासाठी घरी ठेवलं होतं, आणि स्पर्धेतून बाहेर पडायला नको म्हणून लहान मुलांना पाठवलं होतं. काहींना लेदर बॉलची सवयच नव्हती. मैदानाची एक बाजूही चांगलीच आखूड होती. म्हणजे बघा, शंभर वर्षांनी तीच कथा. कंबरलँडचीच पोरं, फक्त आगगाडीऐवजी कल्याणची.

मला प्रणवचं काही कमी करायचं नाही. साडेसहा तास उभं राहून हजार धावा काढायला जीव लागतो. मैदान आखूड म्हणून तुम्ही-आम्ही हजार काढू का? शंभरावर धाप लागेल. पण पुढे काय झालं ते पाहा. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. २०१७ च्या अखेरीस त्याच्या वडिलांनीच कळवलं की मुलाचा खेळ सध्या तसा होत नाही, तेव्हा ही रक्कम थांबवा. रिक्षा चालवणाऱ्या माणसाने महिना दहा हजार नको म्हणणं... त्या १००९ पेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो. पंधराव्या वर्षी ज्याच्या नावापुढे हजार लागले, त्याने पुढे सत्तर काढले तरी लोक म्हणणार, "काय, फक्त सत्तर?" म्हणजे असा स्कोअर हरणाऱ्यालाच जड जातो असं नाही. जिंकणाऱ्याच्याही डोक्यावर बसतो.

तिसरा आकडा शून्य. एक नव्हे, सगळी. नोव्हेंबर २०१९, पुन्हा हॅरिस शील्ड, आझाद मैदान. अंधेरीच्या एका शाळेचा संघ ७ धावांत सर्वबाद. पण एकाही बॅट्समनची एकही धाव नाही! सातच्या सात अवांतर. स्कोअरकार्डावर वरपासून खालपर्यंत भोपळ्यांचा वेल. समोरच्या बोरिवलीच्या शाळेने त्याआधी ४ बाद ७६१ केल्या होत्या. आणि त्या ७६१ मध्ये १५६ धावा दंडाच्या होत्या. कशाचा दंड? तर या मुलांनी तीन तासांत ४५ ओव्हर टाकायच्या होत्या, त्यांच्या ३९ च झाल्या. आता मला सांगा, ज्यांचा प्रत्येक दुसरा बॉल सीमेपार जातोय, ती पोरं बॉल आणायलाच पळणार ना? त्यात ओव्हर उरकणार कधी? मार खाल्ला म्हणून उशीर, उशीर झाला म्हणून दंड. असा नियम कागदावर बरोबर असतो, आणि मैदानावर क्रूर.

ही बातमी त्या वेळी ज्याच्या-त्याच्या फोनवर फिरत होती, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. मी त्या शाळेचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते एका मिनिटात सापडेल. पण ती मुलं आता वीस-एकवीस वर्षांची असतील, कुठे इंटरव्ह्यूला जात असतील. माझ्यामुळे पुन्हा एकदा कशाला?

इथे कोणी म्हणेल, "काका, इतकं मऊ होऊन चालत नाही. हरायला शिकलं पाहिजे. आणि विक्रमाच्या वाटेवरच्या पोराला तुम्ही अडवणार का?" मुद्दा बरोबर आहे, आणि त्यासाठी मला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या सगळ्यांत ती मला जास्त चटका लावते.

डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान. रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम होता नाबाद ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ धावा, मोडायला दहा. दोन ओव्हरचं काम! आणि मध्ये सुट्टी झाली. काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब म्हणाले, डाव सोडा, नाहीतर आम्ही घरी जातो. डाव सोडला नाही, आणि ते खरंच निघून गेले. सामना तिथेच संपला. आपल्या संघाचं नाव विक्रमाच्या वहीत असं लागायला नको, हा त्यामागचा विचार होता असं सांगतात. गंमत बघा, नाव लागायचं ते लागलंच. विक्रम मोडू देणारा संघ म्हणून कोणाच्या लक्षातही राहिला नसता, पळून गेलेला संघ म्हणून पंचाहत्तर वर्षांनीही आठवला जातो.

भाऊसाहेबांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ११ डिसेंबर २०१२ ला ते गेले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे, नाबाद ४४३.

तर इथे मी ठाकोरसाहेबांच्या बाजूने आहे का? मुळीच नाही. ते मोठे होते, संस्थानिक होते, प्रथम श्रेणीचा संघ घेऊन आले होते. त्यांनी दोन ओव्हर उन्हात उभं राहायला हवं होतं. मोठ्यांच्या खेळात हरणं हा कामाचा भाग आहे. त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, महाराष्ट्राने हे करून दाखवलं. पुण्यातच मुंबईविरुद्ध रणजी सेमी फायनल. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. सात दिवस खेळ, नऊ शतकं, एकूण २३७६ धावा. प्रथम श्रेणी सामन्यातला एकूण धावांचा विक्रम, अजूनही कायम. सामन्यात हजारावर धावा काढून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! पण उठून गेला नाही. चौथ्या डावात डोंगराएवढं लक्ष्य समोर असताना सहाशे काढल्या. हरावं तर असं.

फरक इथेच आहे. सहाशे काढून हरणाऱ्याला हरण्यातून काही मिळतं. दोन दिवस सीमेपलीकडून बॉल आणून देणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला काय मिळतं? त्याला हरायला शिकवलं असं आपण म्हणतो, पण तो हरलेलाच नसतो, कारण तो मुळात खेळलेलाच नसतो. खेळ व्हायला दोन बाजू लागतात.

आणि हे आपल्याला माहीत नाही असं थोडंच आहे? इथे मुरुडच्या पुळणीवर ओहोटीला रबरी बॉलने किंवा टेनिस बॉलने मॅच लागते, तिथे कोणतंही असोसिएशन नसतं. पण नियम बघा. गडी विषम झाले तर एक जण "कॉमन", दोन्हीकडून बॅटिंग करणार. धाकटा भाऊ हट्टाने आला तर तो "कच्चा लिंबू", पहिल्या बॉलवर त्रिफळा उडाला तरी आउट नाही. एक बाजू फारच भारी झाली तर मध्येच गडी बदलून घ्यायचे. आणि काहीच जमलं नाही तर भरती आहेच, ती कोणाचेही ४५२ पूर्ण होऊ देत नाही. हे नियम पोरांना कोणी शिकवले? कोणी नाही. समोरचे कंटाळून घरी गेले तर आपलीही मॅच संपते, एवढं त्यांना कळतं.

कबड्डीचं तर मला नेहमीच कौतुक वाटतं. समोरचा अख्खा संघ बाद केलात की लोण चढतो, दोन जादा गुण मिळतात. आणि त्याच क्षणी समोरचे सातही गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतात! पूर्ण हरवलंत याचं बक्षीस घ्या, आणि आता पुन्हा सातांशी खेळा. मातीतल्या खेळाने ही गोष्ट नियमातच घालून ठेवली आहे.

अमेरिकनांनाही पुढे शहाणपण आलं. कॉलेज फुटबॉलमध्ये दोन्ही कोच आणि पंच कबूल असतील तर उरलेला वेळ कमी करता येतो. शाळांच्या फुटबॉलमध्ये बऱ्याच राज्यांत फरक फार वाढला की घड्याळ थांबवतच नाहीत, म्हणजे सामना लवकर संपतो. त्यांनी कोणाचा विक्रम पळवला असं तिथे कोणी म्हणत नाही.

आपल्या शालेय क्रिकेटमध्येही हे करायला काय हरकत आहे? अमुक धावांनंतर बॅट्समनने निवृत्त व्हायचं, पुढच्याला संधी द्यायची. अमुक आघाडी झाली की डाव सोडायचा. आणि धुलाई होत असलेल्या संघाला ओव्हरगतीचा दंड लावायचा नाही. याने एखादा १००९ होणार नाही, हे कबूल. पण पॅड बांधून बसलेल्या दहा मुलांना बॅटिंग मिळेल. आणि एखादा बहुतुले, ज्याच्याकडे तेवढा धीर नाही, तो मैदान सोडून जाणार नाही. बहुतुले टिकला म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत. जे टिकले नाहीत, त्यांची यादी कोणाकडे आहे?

याचा अर्थ असे किस्से सांगूच नयेत असं नाही हं! मला ते प्रचंड आवडतात, घरातले कंटाळतात इतके. फक्त सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात, एवढंच. त्याने गोष्टीची मजा कमी होत नाही, उलट वाढते. साधं उदाहरण घ्या. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांची फायनल. विजय मर्चंटनी हिंदू संघाकडून नाबाद २५०. उत्तरादाखल रेस्ट संघाकडून सांगलीचे विजय हजारे ३०९, संघाच्या एकूण ३८७ मध्ये! हे ऐकून तोंडात बोट जातं. पण खरी गोष्ट पुढे आहे. हजाऱ्यांनी सहाव्या विकेटसाठी ३०० धावांची भागीदारी केली, आणि समोरच्या टोकाला त्यांचा भाऊ विवेक होता. तीनशेंपैकी विवेकच्या धावा किती? एकवीस. बाकी वेळ तो फक्त उभा राहिला, भावाला बॅटिंग मिळावी म्हणून. सामना रेस्ट डावाने हरले. ३०९ सगळे सांगतात. माझं म्हणणं, २१ पण सांगा.

आणि हरणाऱ्याला मान देऊनही गोष्ट सांगता येते, हे भाच्याच्याच कॉलेजच्या सामन्यातून शिकावं. १९२९ चा रोझ बोल, जॉर्जिया टेक विरुद्ध कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सने सुटलेला बॉल उचलला, गर्दीत दिशा चुकली, आणि तो स्वतःच्याच गोलाकडे साठेक यार्ड पळत सुटला! शेवटी त्याच्याच साथीदाराने त्याला गाठून थांबवलं. त्या गोंधळातून टेकला दोन गुण मिळाले आणि कॅलिफोर्निया ८–७ असा एका गुणाने हरला. जन्मभर त्याला "राँग वे" हे नाव चिकटलं. पण त्याच दिवशी उत्तरार्धात तो पुन्हा मैदानात उतरला आणि चांगला खेळला. आणि पुढच्या मोसमात कॅलिफोर्नियाचा कप्तान कोण? तोच. लोक उलटं पळालेला रीगल्स सांगतात, कप्तान रीगल्स सांगायचा राहून जातो.

भाच्याला मी एवढं सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, "मामा, म्हणजे टाय?" मी म्हटलं, टाय कसली रे, आपण जिंकलो, एक डाव राखून!

तर मंडळी, तुमच्या गावच्या, शाळेच्या, आळीच्या मॅचेसमधले असे आकडे तुमच्याकडेही असतील. जरूर कळवा. फक्त एक करा. किती धावांनी जिंकलात ते लिहा, आणि समोरच्या बाजूला कोण होतं तेही लिहा.